वाळूतला चेंडू

'बंकर' हा शब्द वाचताच तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सैनिकांचा भूमिगत आसरा उभा राहील. शब्दाचे मूळ मात्र फार घरगुती आहे. स्कॉटलंडच्या बोलीत पेटीवजा बाकाला बंकर म्हणत. तेथून तो मातीच्या ओट्याला लागला, पुढे समुद्रकाठच्या कुरणांतील वाळूच्या खळग्यांना लागला, आणि एकोणिसाव्या शतकात गोल्फच्या परिभाषेत स्थिरावला. युद्धाच्या बातम्यांतला बंकर हा त्याच घराण्यातला धाकटा. मी भाषाविज्ञानाची अध्यापक. या खेळातही शब्दाच्या दारातूनच शिरले, यात तुम्हांला नवल वाटू नये.

पन्नाशी ओलांडल्यावर, सैन्यातून निवृत्त झालेल्या थोरल्या भावाच्या आग्रहाखातर मी गोल्फ शिकू लागले. आमच्या नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' म्हटले की लोकांना क्रिकेटच आठवते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला ते जुने नाव अजून चिकटून आहे, खेळ तेवढा बदलला. भावाचे मैदान गावाबाहेर होते. प्रौढ वयात नवे काही शिकणारा माणूस करतो तेच मी केले : आधी पुस्तके आणली. तुम्हीही नोकरी, घर, शेती सांभाळून हाती पुस्तिका धरून शिकत आहात. समोर शिक्षक नसताना छापील वाक्यावरून कृतीपर्यंत पोहोचणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. बंकरमधील फटक्याइतकी या प्रश्नाची कसोटी पाहणारी गोष्ट मला अद्याप दुसरी भेटलेली नाही.

प्रसंग असा असतो. ग्रीन, म्हणजे जेथे भोक असते ती बारीक कापलेली हिरवळ, दहा-पंधरा पावलांवर आहे. चेंडू त्याआधीच्या खड्ड्यात, सैल वाळूवर बसला आहे. समोर कडा आहे. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा. अंतर इतके थोडे की हाताने फेकला तरी पोहोचेल. अशा वेळी सारे शरीर एकच गोष्ट सुचवते : चेंडूला हळूच खालून उचलावे. आणि नेमके तेच तेथे चालत नाही. चेंडू उचलायला गेलेला क्लब एक तर वाळूत रुततो, नाहीतर चेंडूच्या मध्यावर आदळून त्याला ग्रीनच्या पलीकडे भिरकावतो.

बंकरमध्ये चेंडूला मारायचेच नसते. क्लब चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून जातो आणि पुढे बाहेर पडतो. क्लबचा आणि चेंडूचा स्पर्श होतच नाही. वाळूचा एक पातळ थर उसळतो आणि त्याच्यावर बसून चेंडू बाहेर येतो. व्याकरणाच्या पाठात तुम्ही सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांच्या जोड्या पाहिल्या असतील : तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे, उडवणे-उडणे. एरवीच्या फटक्यात 'मी चेंडू उडवला' हे वाक्य खरे असते. बंकरमध्ये खरी वाक्ये दोन : 'मी वाळू उडवली' आणि 'चेंडू उडाला'. चेंडू हे तुमच्या क्रियेचे कर्म नव्हे. तो आपल्या वाक्यातला कर्ता आहे. एवढे मला वाचून समजले होते. समजले होते आणि हाताला येत नव्हते.

ते हाताला आणून देणारे मैदानावरचे एक कॅडी. साठीला टेकलेले, जवळच्या खेड्यातले, घरी दोन-अडीच एकर जमीन. सारे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. माझ्या पुस्तकात सँड वेज या क्लबच्या तळाचे वर्णन दोन पाने भरून होते. या क्लबचे पाते साधारण ५६ अंशांनी मागे कललेले असते आणि त्याच्या तळाला मागच्या बाजूस एक फुगवटा असतो; त्याला बाउन्स म्हणतात. पुढची धार वाळूत शिरते, फुगवटा तिला खोल जाऊ देत नाही. मामांनी माझी दोन-चार आवर्तने पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही नांगर धरताय. वखर धरा."

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना येथे थांबायची गरज नाही. इतरांसाठी सांगते. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो. वखराची पास आडवी असते. ती बोटा-दोन बोटांच्या खोलीवरून मातीखालून सरकत जाते, वरचा थर मोकळा करते. पुण्या-साताऱ्याकडे अशाच अवजाराला कुळव म्हणतात. बाउन्सवरची दोन पाने मामांनी एका शब्दात आटोपली, आणि तो शब्द इंग्रजी पुस्तकाला सापडणे शक्यच नव्हते.

मग बाकीच्या सूचना एकेक अर्थाला लागल्या. पाते उघडायचे, म्हणजे आकाशाकडे आणखी वळवायचे, म्हणजे फुगवटा खाली येतो आणि वखर तयार होते. क्रम महत्त्वाचा : आधी पाते उघडायचे, मग मूठ धरायची. मूठ धरून झाल्यावर मनगट वळवून उघडलेले पाते फटक्याच्या क्षणी पुन्हा मिटते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवायचा आणि वजन डाव्या पायावर थोडे अधिक द्यायचे. पावले जरा घोळवून वाळूत रोवायची. त्याने पाय घसरत नाहीत, आणि वाळू किती खोल, किती ओली, हेही पायांना कळते. एरवी वाळूची परीक्षा करायला नियमांची मनाई आहे. हाताने किंवा क्लबने चाचपायचे नाही, सरावाच्या फेकीत वाळूला शिवायचे नाही, चेंडूच्या लगेच मागे क्लब टेकवायचा नाही. अमेरिकेतील व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदानावर २०१० च्या पीजीए स्पर्धेत शेवटच्या भोकावर डस्टिन जॉन्सनने वाळूत क्लब टेकवला. ती जागा बंकर आहे हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. दोन फटक्यांचा दंड झाला आणि विजेतेपदाच्या अंतिम झुंजीतली त्याची जागा गेली. पायांना मात्र ही मनाई नाही. या सवलतीचे मला फार कौतुक वाटते.

सँड वेजचा इतिहासही असाच हाताने घडलेला आहे. जीन सॅराझेन हा अमेरिकन खेळाडू बंकरमध्ये अडखळत असे. विमानाचे नाक वर जाताना शेपटी खाली जाते, हे पाहून आपल्याला कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले. त्याने आपल्या क्लबच्या तळाला मागच्या बाजूस धातूचा डाग देऊन वजन वाढवले आणि इंग्लंडमधील प्रिन्सेस मैदानावर १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. असा तळ असलेले क्लब त्याच्याआधी नव्हतेच असे नाही. पण आजच्या सँड वेजचे जनकत्व लोक त्यालाच देतात.

हे सगळे जमले तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच अवघड. क्लब थांबवायचा नाही. दहा पावलांसाठी हात तीस पावलांच्या फटक्याइतका फिरवायचा, कारण बरीचशी ताकद वाळू खाऊन टाकते. मनाला हे पटत नाही. क्लब खाली येत असताना मन ऐन वेळी विचारते, 'एवढ्या जोराने?', मनगट आखडते आणि चेंडू जागीच राहतो. मामांनी माझ्यासमोरून चेंडूच उचलून खिशात घातला. बोटाने वाळूत एक लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "आता ही रेघ पुसा. वाळू पार त्या गवतावर पडली पाहिजे." रेघेवरून पुढे सरकत वीसेक वेळा वाळू गवतावर गेली. त्यानंतर मला न सांगता त्यांनी रेघेच्या दोन इंच पुढे चेंडू ठेवला.

चेंडू वाळूत अर्धा गाडला गेला असेल तर नियम उलटतो. पाते उघडायचे नाही, सरळ ठेवायचे, धार खोल जाऊ द्यायची. चेंडू खाली उतरून बराच घरंगळणार, हे धरून चालायचे. मामांच्या भाषेत, आता नांगर. पावसाळ्यात वाळू दबून घट्ट झालेली असते. तेव्हाही पाते फार उघडू नये, फुगवटा आपटून उसळतो.

सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या भोकापाशी रोड होल बंकर आहे, गवताच्या चकत्या रचून उभारलेल्या भिंतीचा. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला, पण पुढचा चेंडू घरंगळत त्या बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके लागले. त्या भोकावर एकूण नऊ. अव्वल खेळाडूचीही ही गत होते हे कळले की आपल्या चार फटक्यांचे फार वाटत नाही.

मामांना मी एकदा विचारले, तुम्ही हे कोठे शिकलात? खेळणाऱ्यांनी टाकून दिलेल्या एका क्लबवर, ते म्हणाले, आणि मैदान बंद असण्याच्या दिवशी. आपल्याकडचे कित्येक चांगले खेळाडू याच वाटेने आले आहेत. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर कॅडी होता. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्यात मैदानाची निगा राखीत. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. मामांचे नाव मात्र कोणत्याही फलकावर नाही. क्लबच्या दरपत्रकात प्रशिक्षकाची फी वेगळी लिहिलेली असते आणि कॅडीची वेगळी. दोन्हींतले अंतर पाहून मी त्या दिवशी बराच वेळ दरपत्रकासमोर उभी राहिले. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला 'शिकवणे' हे क्रियापद कोणाच्या नावापुढे लागते आणि कोणाच्या नाही, हे दिसल्यावाचून राहत नाही.

फटका झाल्यावर एक काम उरते. बंकरच्या काठाला दंताळे ठेवलेले असते. पावलांच्या आणि फटक्याच्या खुणा मोडून वाळू सारखी करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला आपल्या खड्ड्यातून खेळावे लागत नाही. हे काम खेळणाऱ्याचे. आमच्याकडे ते कॅडीवर सोडण्याची रीत आहे. मी दंताळे मागून घेते. मामा ते देतात, पण जरा नाखुशीने, कारण माझ्या रेघा वाकड्या येतात आणि पुढच्या फेरीला ते स्वतः येऊन त्या पुन्हा ओढून जातात.