साडेसात आणि दहाच्या मधे

अहो, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं!

चार महिने मी साडेसात किलोच्या डंबेलवर अडकले होते. शोल्डर प्रेसचे 12-12 रेप्सचे तीन सेट मजेत व्हायचे. मग हुरूप येऊन दहाची जोडी उचलावी, तर दुसऱ्याच रेपला डावा हात कानाशी येऊन लटपटायचा, कंबर मागे वाकायची आणि ट्रेनर ओरडायचे, "मॅडम, खाली ठेवा!" की पुन्हा साडेसात. वाटायचं, बेचाळिशीत एवढाच आपला दम.

एका रविवारी कागदावर गणित मांडलं आणि उडालेच! आमच्या रॅकवर डंबेल अडीच-अडीच किलोंनी वाढतात. शेजारी व्यायाम करणारा पोरगा 40 वरून 42.5 वर जातो, तेव्हा त्याचा भार वाढतो जेमतेम 6 टक्के. मी 7.5 वरून 10 वर गेले, की 33 टक्के! प्राचीन ग्रीक पैलवान मायलोची दंतकथा आहे ना, रोज वासरू खांद्यावर घ्यायचा, ते वाढलं तसं त्याचं बळ वाढलं. आमच्या जिममध्ये वासराच्या शेजारी थेट बैलच उभा होता!

तेवढ्यात आठवलं, कपाटात मनगटाला बांधायचे वाळूचे पट्टे पडलेत. एक जोडी अर्ध्या-अर्ध्या किलोची, दुसरी एक-एक किलोची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून खात्री केली. सोमवारी अर्ध्या किलोचे पट्टे घट्ट आवळले, साडेसात उचललं. म्हणजे आठ! एक, दोन, तीन... नऊ रेप्स, पाठ सरळ, हात सरळ वर. मी जिममध्ये मोठ्यानं हसले.

आता माझा नियम साधा आहे. तिन्ही सेटमध्ये 12 रेप्स नीट जमले, की पुढची पायरी: 8, मग 8.5, मग दोन्ही पट्टे बांधून 9. तिथून दहा फक्त एक किलो लांब! वजन वाढलं की रेप्स आठ-नऊवर येतात, येऊ देत. पुन्हा बारापर्यंत चढायचं. पट्टा मात्र सैल नको, आणि हात झोकून करायच्या व्यायामांना तो बांधू नका.

तुम्हीही एखाद्या डंबेलपाशी अडला असाल, तर वयाला दोष देण्याआधी मधली पायरी आहे का ते बघा. मी आज साडेआठवर आहे.