मुंग्या कुठवर आल्या?

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या रेडिंगच्या घरात खवणीचा स्क्रू तुटला, आणि मी भाजीच्या सुरीचं टोक घालून करवंटीतून खोबरं सोडवायला बसले. तुमच्यातल्या निम्म्यांनी हे केलं असेल. करू नका. सुरी घसरली आणि डाव्या मनगटात, तळहाताच्या घडीच्या जरा वर, शिरली. रक्त फार आलं नाही. घाबरले ते नंतर. अंगठा तर्जनीला लावून पाहिला, तर दोन्ही बोटं दुसऱ्याच कुणाची तरी होती.

दुसऱ्या दिवशी, इकडे नवरा आणि मुलगी आरती उरकत असताना, माझं ऑपरेशन झालं. मनगटाच्या मधोमध जाणारा मोठा मज्जातंतू पूर्ण तुटला होता, सोबत दोन स्नायुबंध. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव हाच तंतू नेतो. सर्जननी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. मज्जातंतू म्हणजे एक दोरा नव्हे, हजारो सूक्ष्म तंतूंची जुडी. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं टाके घातले तरी ते पडतात फक्त बाहेरच्या आवरणाला. आतल्या तंतूंना कुणीही शिवू शकत नाही. आवरणावरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या रेघा जुळवायच्या आणि आतले गठ्ठे समोरासमोर आले असतील असं धरायचं.

पुढचं काम शरीराचं, आणि ते उलटं सुरू होतं. टाक्याच्या पलीकडचा भाग आधी मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेतले मज्जातंतू कापून हे दाखवलं होतं. पेशीपासून तुटलेला तुकडा विरघळून जातो, मागे रिकाम्या नळ्या राहतात. त्या नळ्यांमध्ये वरच्या बाजूनं नवे अंकुर शिरतात आणि दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगानं सरकतात. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत अंतर 17-18 सेंटिमीटर. हिशोब तुम्हीच करा. सहा महिने, वर सुरुवातीचे काही आठवडे.

कोल्हापूरला आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं तिळाचं तेल सुचवलं, आणि मग विचारलं, "पण अगं, आत काय चाललंय ते कळतं कसं?"

तोच तर प्रश्न होता.

एक उत्तर जुनं आहे, आणि मराठी माणसाला ते लगेच समजेल. मज्जातंतूच्या वाटेवर बोटानं टिचकी मारत जायचं. जिथं मारल्यावर बोटांकडे मुंग्या धावतात, तिथवर नवे अंकुर पोचले. 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मनीत पॉल हॉफमान आणि फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल यांनी एकाच वर्षी हे वेगवेगळं लिहिलं. दोघंही खंदकाच्या विरुद्ध बाजूंना. टिनेलच्या लेखाच्या शीर्षकातला फ्रेंच शब्द 'फुर्मी', म्हणजे मुंगी, यावरूनच आलेला. आपण 'हाताला मुंग्या आल्या' म्हणतो ते इंग्रजांना सांगताना मी वीस वर्षं 'पिन्स अँड नीडल्स' असं भाषांतर करत आले. फ्रेंचांना सांगितलं असतं तर भाषांतराची गरजच नव्हती.

दर रविवारी आई विचारायची, "मुंग्या कुठवर आल्या गं?"

तीन महिन्यांनी उत्तर होतं, मनगटावरच.

तोवर मी तव्यावरची पोळी सवयीनं डाव्या हातानं उलटली होती. काहीच कळलं नाही. तर्जनीवर फोड आलाय हे दुसऱ्या दिवशी दात घासताना दिसलं. न दुखणारा फोड बघत राहणं फार विचित्र असतं. त्या दिवसापासून पोळ्या नवऱ्याकडे गेल्या आणि आमच्या घरात भारताचा नकाशा तव्यावर उमटू लागला.

पाचव्या महिन्यात अंगठ्याखालची गादी खोल गेली. मनगटापासून ती गादी जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. हिशोबानं अंकुर तिथं पोचायला हवे होते. सोनोग्राफी केली. चांगल्या यंत्रावर मज्जातंतू आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. माझ्या टाक्याच्या जागी पोळं नव्हतं, एक काळपट फुगवटा होता. वाट चुकलेले अंकुर आणि व्रणाच्या पेशी यांची ती गाठ. थोडीफार बहुतेकांना येते. सर्जन म्हणाले, "जोड तुटलेला नाही, एवढं यात दिसतं. पलीकडे काही गेलंय का, हे यात दिसत नाही."

थांबायचं की पुन्हा उघडायचं, असा प्रश्न होता. पुन्हा उघडलं तर गाठ कापून, पायातला मज्जातंतूचा तुकडा मध्ये बसवायचा, आणि घड्याळ शून्यापासून सुरू. शिवाय गाठीतून जे काही थोडे अंकुर पलीकडे गेले असतील, तेही कापले जाणार. थांबलं आणि काहीच गेलेलं नसेल, तर स्नायू वाट बघत बसत नाही; साधारण वर्ष-दीड वर्षात तो परत न येण्याइतका वाळतो.

आणि गंमत बघा, याच काळात माझ्या मज्जातंतूची मला हवी ती चित्रं निघत होती. मी एका विद्यापीठाच्या अभ्यासात नाव दिलं होतं. दर काही महिन्यांनी एमआरआयच्या नळीत पालथं पडायचं, डावा हात डोक्यावर ताणून, उडणाऱ्या सुपरमॅनसारखा, आणि वीस मिनिटं हलायचं नाही. खांदा ठणकायला लागतो, नाकाला खाज सुटते. नाकाच्या खाजेवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

या यंत्रात बघतात ते पाणी. शरीरातल्या पाण्याचे रेणू सतत चुळबुळत असतात. मोकळ्या जागेत ते सगळीकडे सारखे पसरतात. मज्जातंतूत भिंती असल्यामुळे आडवं जाणं अवघड, लांबीच्या दिशेनं सोपं. बॅसर, मॅटिएलो आणि ल बियाँ यांनी 1994 मध्ये याचं गणित मांडलं. यंत्र वेगवेगळ्या दिशांनी मोजतं आणि 0 ते 1 मधला एक आकडा देतं. 0 म्हणजे पाणी सैरावैरा, 1 च्या जवळ म्हणजे एकाच दिशेनं. मज्जातंतू तुटला की टाक्याखालचा आकडा पडतो. नवे तंतू नळ्या भरू लागले की हळूहळू चढतो. दिशेला रंग देतात, आणि हाताच्या लांबीनं जाणारी वाट पडद्यावर निळी दिसते.

पाचव्या महिन्याच्या स्कॅननंतर मी तिथल्या संशोधक मुलीला विचारलं, "निळं कुठवर आलंय?"

ती लाल झाली. सही केलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की ही चित्रं उपचारासाठी नाहीत. तिनं ते पुन्हा वाचून दाखवलं, फार सौम्यपणे. मला राग आला. माझा हात, माझं चित्र, आणि मलाच सांगायचं नाही! घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. मग शांतपणे विचार केल्यावर पटलं, सगळं नाही पण बरंचसं. चित्रातला एक ठिपका साधारण मिलिमीटरभराचा, आणि तंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे. एका ठिपक्यात हजारो मावतात. सूज असली तरी आकडा बदलतो. पडद्यावरची निळी रेघ म्हणजे तंतू नव्हे, पाण्यावरून संगणकानं काढलेला अंदाज. अशा अंदाजावर माझं मनगट उघडायचं, की न उघडायचं?

निर्णय झाला तो कानानं. अंगठ्याच्या गादीत सुई घालून ईएमजी केली. तुटलेला स्नायू आपोआप थरथरत असतो, आणि यंत्राच्या स्पीकरवर तो आवाज थेट पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा येतो. कोल्हापूरच्या आमच्या न्हाणीघरावर पत्राच होता. मी डोळे मिटून तो पाऊस ऐकत होते. डॉक्टर म्हणाले, "आता अंगठा उचलायचा प्रयत्न करा." अंगठा तसूभरही हलला नाही. पण पावसात मध्येच टक्, टक् असे वेगळे आवाज आले. तीन-चारच. डॉक्टरांनी आवाज वाढवला, पुन्हा करायला लावलं. पुन्हा टक्.

मग त्यांनी तळहातावर टिचकी मारत नेली, आणि अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या उठल्या. सर्जननी वही मिटली आणि थांबायचं ठरलं.

अभ्यास संपल्यावर, वर्षभरानं, त्या मुलीनं मला चारही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. पहिल्यात निळी पट्टी टाक्याशी संपत होती. शेवटच्यात ती गाठीपाशी जरा विस्कटून, पुढे तळहातात गेली होती. पाचव्या महिन्याच्या चित्रात गाठीच्या पलीकडे फिकट निळं काहीतरी होतं. "तेव्हा आम्हालाही हे खात्रीनं सांगता आलं नसतं," ती म्हणाली. मी मान डोलावली. तिचा जुना राग आता राहिला नव्हता.

पण एक गोष्ट त्या सुंदर चित्रात नाही. अंकुर नळ्यांमध्ये शिरतात तेव्हा आपापली जुनी नळी शोधून शिरत नाहीत; समोर आली त्यात शिरतात. तर्जनीला हात लावला की मला आज मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटतं. निळ्या पट्टीत वाट दिसते, पत्ता दिसत नाही. 1903 मध्ये हेन्री हेड या लंडनच्या डॉक्टरनं मुद्दाम स्वतःच्या हातातला मज्जातंतू कापून शिवून घेतला, आणि पुढची चार वर्षं केंब्रिजला रिव्हर्स यांच्या खोलीत डोळे मिटून बसला. रिव्हर्स त्याच्या कातडीवर कापूस, सुई, गार-गरम पाणी लावून बघायचे. मला पूर्वी तो वेडेपणा वाटायचा. आता माझ्याच घरात तेच चालतं.

हस्तोपचारवाल्या बाईंनी घरातल्याच वस्तू वापरायला सांगितल्यात. लेकीनं तीन डबे भरून ठेवलेत. रात्री जेवणं झाली की मी डोळे मिटते आणि ती डबे इकडचे तिकडे करते. हरभरा कळतो. तूरडाळ कळते, तिची कड लागते.

"साबुदाणा," मी म्हणते.

"मूग," ती म्हणते. "आई, डोळे उघडू नकोस. पुन्हा."