दाण्याचं तेल सुटेपर्यंत

सफरचंद घरात आलं की कुणीतरी आजारी आहे, हे शेजारपाजाऱ्यांना न सांगता कळायचं. १९७०च्या दशकात रावेर-सावद्याच्या आमच्या पट्ट्यात ते फळ फार लांबून, काश्मीर-सिमल्याकडून, कागदात गुंडाळून येई आणि बहुतेक वेळा दवाखान्यातल्या खाटेशेजारीच संपे. आई ते सोलून पातळ फोडी करी, त्या आजाऱ्याला मिळत आणि आशेनं बसलेल्या आम्हा पोरांना सालं. केळी मात्र आमच्याकडे कुणी मोजत नसे. मळ्यांतून गाड्या भरून घड स्टेशनावर जायचे, तिथून केळ्यांच्या वाघिणी दिल्लीकडे निघायच्या. गाडी भरताना फणीतून सुटून पडलेलं केळं ज्याला दिसेल त्याचं. तेव्हाची केळी बसराईची. बुटकं झाड, भरगच्च घड, आणि पिकल्यावर सालीवर काळे ठिपके पडले की गराचा वास ओसरीपर्यंत यायचा.

शाळा सुटल्यावर आमचं खाणं म्हणजे केळं आणि दाणे. हे सांगायला फार सोपं आहे, म्हणून ते तयार कसं व्हायचं ते सविस्तर सांगते.

शेंगा पोत्यात असत. त्या फोडायचं काम दुपारी, बायकांच्या आणि पोरांच्या मांडीवर. दाणे लोखंडी कढईत मंद निखाऱ्यावर भाजायचे आणि सतत हलवत राहायचं, कारण एका बाजूनं करपलेला दाणा सगळं कूट कडवट करतो. भाजलेले दाणे सुपात ओतून हातानं चोळले की लालसर सालं सुटायची. मग अंगणात उभं राहून आजी पाखडायची. सालं वाऱ्यावर उडायची, दाणे सुपात परत यायचे, आणि हा प्रकार बघायला आम्ही कामाचं निमित्त काढून तिथेच थांबायचो. त्यानंतर उखळ. मुसळाच्या पहिल्या घावांना दाणे इकडेतिकडे उडायचे, मग त्यांचा भरडा व्हायचा, मग रवाळ कूट. बहुतेक वेळा आजी इथेच हात थांबवायची. साबुदाण्याच्या खिचडीला, काकडीच्या कोशिंबिरीला, भरल्या वांग्याला, आमटीला कूट हवं ते असं सुटं, मोकळं.

पण आमच्यासाठी म्हणून मूठभर दाणे ती उखळात मागे ठेवायची आणि त्यात गुळाचा खडा टाकून पुढे कुटत राहायची. कूट आधी ओलसर दिसू लागे, मग मुसळाला चिकटे, मग त्याचा गोळा होई, आणि शेवटी उखळाच्या कडेला तेलाची चमक दिसे. तो गोळा वाटीत काढून ती त्यावर दुधाची साय घाली आणि बोटांनी कालवी. केळ्याचे जाड काप त्यात बुडवायचे आणि खायचे. वाटी पुसून काढायला शेवटचा काप राखून ठेवायचा, हा आमचा नियम होता. या खाण्याला नाव नव्हतं. ‘केळं-दाणे खायला या,’ एवढीच हाक असायची.

आता माझी नात पुण्यात शाळेतून येते आणि म्हणते, ‘आजी, डिप कर ना.’ फ्रिजमधून सफरचंद निघतं, फळीवरून पीनट बटरची बरणी निघते, आणि पाच मिनिटांत तिच्यासमोर बशी असते. मला या बशीबद्दल काही सांगायचं आहे. तिच्याकडे बघून माझ्या पिढीतले बरेच जण म्हणतात की हे परक्यांचं खाणं आपल्या घरात शिरलं. मला तसं मुळीच वाटत नाही. दाणा भाजला आणि कुटत राहिलं, तर भरडा, कूट, गोळा आणि वाहतं लोणी हे एकाच वाटेवरचे थांबे आहेत. दाण्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेल असतं. ते बारीक पेशींत कोंडलेलं असतं. घावानं किंवा पात्यानं पेशी फुटत गेल्या की तेल बाहेर येतं आणि दाण्याचा चुरा त्या तेलातच तरंगू लागतो. सोलापूरची शेंगाचटणी अस्सल आहे की नाही हे तिला तेल सुटलंय का त्यावरच ठरवतात, आणि तीही उखळातच कुटावी असं तिथले जाणकार सांगतात. म्हणजे वाट आपल्या पायाखालची होती. आपण बहुतेकदा अलीकडच्या थांब्यावर उतरत होतो, एवढंच.

अलीकडे का उतरत होतो, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. एक कारण हाताचं. कूट होईपर्यंत खांदा साथ देतो, लोणी होईपर्यंत देत नाही. दुसरं कारण साठवणीचं. तेल एकदा बाहेर आलं की त्याला हवा लागते आणि ते लवकर खवट होतं, त्यामुळे दाणा अख्खा ठेवणंच शहाणपणाचं. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत मोठं, कारण तेलाचं मोल. गोडं तेल त्या काळी जपून वापरण्याची वस्तू होती. रेशनवर पामतेल मिळायचं आणि त्यासाठी रांगा लागायच्या, हे माझ्या वयाच्या कुणालाही आठवेल. देशात तेलबियांची इतकी ओढाताण होती की १९८६मध्ये सरकारला त्यासाठी स्वतंत्र तंत्रज्ञान मिशन काढावं लागलं. अशा दिवसांत दाण्यातलं तेल घाण्यावर काढून डब्यात भरायचं. पोरांच्या वाटीत मूठभर दाण्यांचं तेल सुटू देणं हे आजीचं लाड करणं होतं. तेव्हा ते कळलं नव्हतं. आज बरणीत चमचा खुपसताना कळतं.

पीनट बटर या शब्दाची मराठी वाचकांची ओळख बरीचशी एका पुस्तकामुळे झाली. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१मध्ये आलं आणि घरोघरी वाचलं गेलं. टस्कीगीच्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनीच पीनट बटर शोधलं, असा समज त्यानंतर आपल्याकडे पक्का झालेला दिसतो. तो बरोबर नाही. भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचं पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी १८८४मध्येच घेतलं होतं, आणि १८९०च्या दशकात जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी दाण्यांचं लोणी करण्याची पद्धत काढली. कार्व्हर यांचं मोठेपण वेगळं आणि माझ्या दृष्टीनं अधिक आहे. कापसानं कस गेलेल्या जमिनीत भुईमूग लावा, तो जमिनीला नत्र देईल, हे ते गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिले, आणि पिकलेल्या शेंगांचं करायचं काय म्हणून १९१६मध्ये त्यांनी दाणे खाण्याच्या १०५ रीतींची पुस्तिका काढली. आमचा मुलूखही कापसाचा. ते पुस्तक घरात आलं तेव्हा मी आजीला त्यातला शेंगांचा भाग वाचून दाखवला होता. ‘त्यात काय नवं? कपाशीनं वावर थकलं की शेंगा पेरायच्याच,’ असं ती म्हणाली, आणि मग जरा वेळानं, ‘पण त्यानं ते लिहून ठेवलं, हे चांगलं केलं.’

घरात मिक्सर आला तो कोणत्या वर्षी हे सांगता येणार नाही, पण त्यानंतर उखळ पडवीत गेलं आणि नंतर त्यावर कुंडी ठेवली गेली. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आईचा उजवा खांदा आयुष्यभर दुखत राहिला आणि त्याचं कारण त्या मुसळात होतं. आठवणी काढताना आपण खाणाऱ्यांच्या बाजूनं काढतो. कुटणारीच्या बाजूनं काढल्या तर मिक्सरचं बटण ही त्या घरातली फार मोठी सुटका होती. त्याची खोड एकच: हात कळत नकळत थांबतो, पातं थांबत नाही. क्षणभर जास्त फिरलं की कुटाचा गोळा होतो. म्हणून कूट करताना थांबत थांबत फिरवायचं, हे प्रत्येक मराठी घरात शिकवलं जातं. आणि डिप करायचा असेल तर नेमकं उलट, अजिबात घाबरायचं नाही.

मी घरी असं करते. दोन वाट्या दाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं काढून, कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालते. गरम दाण्यातलं तेल लवकर सुटतं. आधी कूट होतं, मग भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. तिथे बऱ्याच जणी धीर सोडतात आणि तेल ओततात. ओतू नये. कडेचं खाली ढकलायचं, मिक्सरला दम घेऊ द्यायचा, पुन्हा फिरवायचं. चार-पाच मिनिटांत गोळा सैल होतो आणि मग एकाएकी वाहायला लागतो. चिमूटभर मीठ एवढंच. डिपसाठी यातलं दोन मोठे चमचे लोणी, तीन-चार चमचे चक्का आणि चमचाभर काकवी. पहिला चमचा चक्का घातल्यावर मिश्रण सैल व्हायच्या ऐवजी घट्ट होतं, कारण ओलावा लागताच तेलातला चुरा एकमेकांना धरतो. आणखी चक्का घालत फेटलं की ते पुन्हा सुटतं आणि श्रीखंडासारखं मऊ होतं. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढल्या तर लवकर काळ्या पडत नाहीत.

बाजारची बरणी वापरायला माझी हरकत नाही, मात्र मागची यादी वाचून. ज्या लोण्यावर तेलाचा थर येत नाही, त्यात बहुधा घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. अमेरिकेत १९२०च्या दशकात जोसेफ रोझफिल्ड यांनी ही युक्ती काढली आणि बरण्या महिनोन् महिने दुकानात टिकू लागल्या. मला थर येणारी बरणी आवडते. उलटी करून ठेवायची आणि घेताना ढवळायची, झालं.

एका गोष्टीची चुटपुट मात्र खरोखर आहे, आणि ती चवीची नाही. दाणे सुपात असताना आजी प्रत्येक मुठीवरून नजर फिरवायची. सुरकुतलेला, काळपट, पांढुरकी बुरशी आलेला दाणा बाजूला निघायचा, आणि तो गुरांच्या आंबोणातही जायचा नाही, थेट चुलीत. आम्ही विचारलं तर म्हणायची, ‘तो दाणा विखारी.’ १९६०मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले आणि शोध घेत घेत शास्त्रज्ञ पोचले ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. तिच्यावरच्या बुरशीनं तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन तेव्हा जगाला कळलं. ते भाजल्यानंही पूर्ण जात नाही आणि यकृतावर घाला घालतं. आजीला हे नाव माहीत नव्हतं, पण बुरशीचा दाणा पोटात जाऊ द्यायचा नाही हे तिच्या डोळ्यांना आणि बोटांना माहीत होतं. आज त्यासाठी नियमांत मर्यादा आहेत, कारखान्यांत यंत्रं दाणे निवडतात, प्रयोगशाळा तपासतात, आणि हे सगळं हवंच. पण बरणीतलं लोणी गुळगुळीत असतं, त्यात कुठला दाणा होता ते दिसत नाही. दाणा निवडण्याची नजर एकदा घरातून गेली की ती परत कुठून आणायची, हा प्रश्न मला बरणी उघडताना दर वेळी पडतो.

शेंगाही तितक्या राहिल्या नाहीत. जिथे भुईमूग असायचा अशा कितीतरी वावरांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीन आलं. शेंगा उपटायला, तोडायला माणसं लागतात, रानडुकरं नासधूस करतात, सोयाबीन यंत्रानं निघतं. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. केळ्यांतही बसराई मागे पडली आणि टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली, लांब, एकसारखी, निर्यातीला सोयीची. जळगावच्या केळ्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अतोनात आनंद झाला. तरी पिकल्यावर ओसरीपर्यंत येणारा तो वास या केळ्याला नाही, हे मी भावाला दर भेटीत सांगते आणि तो दर भेटीत उत्पन्नाचे आकडे सांगतो. दोघांचंही खरं आहे.

म्हणून मी नातीला निदान निवडायला बसवते. बाजारातून अख्खे दाणे आणायचे, ताटात पसरायचे, वाईट ते तिनं काढायचे. सुरुवातीला तिला हे शिक्षा वाटली, आता ती माझ्याहून चटकन टिपते. जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हा काकवी थोडी वाढवावी लागते, कारण स्ट्रॉबेरी आंबट असते. सीताफळाबरोबर हा डिप जमत नाही, दोन्ही मऊ पडतात. पेरूबरोबर मात्र सगळ्यांत छान. पेरूची दह्यातली कोशिंबीर दाण्याचं कूट घालून आपण करतोच, तिच्याच जवळची ही चव. तेव्हा काकवी वगळायची आणि चक्क्यात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वाटलेली हिरवी मिरची घालायची. यंदा हिवाळ्यात नातीनं त्यात स्वतःच्या मनानं लिंबू पिळलं आणि आम्ही आता तसाच करतो.