माजलगावच्या पाण्यात होडी घालण्याआधी

माजलगाव, जि. बीड

चि. बाळ,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. टेक्सासच्या लेक फोर्कवर धरलेला तो लार्जमाउथ बास दोन्ही हातांत तोलून उभा आहेस, तो फोटो तुझ्या आजीनं देवघराशेजारी लावलाय. दिवाळीला येशील तेव्हा माजलगाव धरणावर गळ टाकायचा, त्यासाठी इथेच एखादी होडी घ्यायची, कोणती घ्यावी ते मामानं कळवावं, असं लिहिलंस. कळवतो. पण होडीआधी पाण्याविषयी आणि माशाविषयी लिहू दे, कारण होडी ठरते ती त्यांच्यावरून.

लेक फोर्क आणि माजलगाव, दोन्ही माणसानं अडवलेलं पाणी. तुमचा बांध 1980 चा, आमचा 1987 च्या सुमाराचा. सिंदफणेवर सहा किलोमीटरहून लांब मातीची भिंत घातली आणि जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात हा जलाशय धरला. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणीही यातच येतं. बीड आणि माजलगाव ही दोन्ही शहरं हेच पाणी पितात. इथवर तुला सगळं ओळखीचं वाटेल. फरक पुढे आहे. तुमच्या तलावाची पातळी वर्षभर फारशी हलत नाही. आमच्याकडे एखाद्या वर्षी सप्टेंबरात दरवाजे उघडावे लागतात आणि एखाद्या वर्षी मे महिन्यात मृतसाठ्यालाही हात घालावा लागतो. 2019 च्या आणि 2024 च्या उन्हाळ्यात ते पाहिलं. 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणेनं काठच्या शेतांचं काय केलं तेही पाहिलं.

पाणी उतरलं की तळाची जमीन उघडी पडते, तिथे शेतकरी गाळपेर करतात. त्या वेळी चालत फिरलं म्हणजे जलाशयाच्या पोटात काय आहे ते दिसतं: बाभळीची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे, बांध, दगडी पायऱ्या, कुंपणाची तार. पुढच्या पावसाळ्यात हे सगळं पुन्हा पाण्याखाली जातं आणि वरून काहीच कळत नाही. लेक फोर्कमध्ये उभ्या झाडांतून होड्यांसाठी वाटा आखून दिल्यात, इथे अशी खूण कुठेच नाही. तू दिवाळीत येशील तेव्हा जलाशय बहुधा भरलेला असेल, म्हणजे हे सगळं झाकलेलं असेल. म्हणून पहिल्या दिवशी इंजिनाचं नाव काढू नकोस. वल्ह्यांनी, हळू, काठाकाठानं फिरून ये, बरोबर तिथला माणूस घेऊन.

काठावर आणखी एक धोका आहे, तो तुमच्याकडे नसणार. बॅकवॉटरच्या कडेनं शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी बसवलेल्या असतात. त्यांच्या केबली मातीतून, गवतातून, कधी थेट पाण्यातून गेलेल्या असतात, जागोजाग जोडलेल्या आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या. पाण्यात उतरून होडी ढकलण्याआधी जवळ मोटार आहे का ते बघायचं. असेल तर दुसरी जागा शोधायची.

आणि जाळी. संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात. नायलॉनचं जाळं पाण्यात दिसतच नाही. 2022 च्या सप्टेंबरात या धरणात पोहायला गेलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांना शोधायला कोल्हापूरहून पथक आलं. त्यातला पट्टीचा पोहणारा, शिकलेला जवान खाली गेला आणि जाळ्यात अडकून तोही गेला. तू कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलीस हे मला ठाऊक आहे. त्या जवानाला तुझ्याहून जास्त पोहता येत होतं, हेही तू लक्षात ठेव. पाण्यात पडल्यावर पोहायचं नाही, तरंगायचं आणि होडीला धरून राहायचं. ते जमावं म्हणून अंगावर जॅकेट हवं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट माणूस पडल्यावर हाताला येत नाही. तुमच्या कोस्ट गार्डचे वार्षिक अहवाल तू वाचत असशीलच. छोट्या नौकांच्या अपघातांत बुडून गेलेल्यांपैकी दहांत आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं, असंच वर्षानुवर्षं त्यांत दिसतं.

आता मासा. बास इथे नाही आणि तो इथे येऊही नये. गेल्या खेपेला तू गमतीनं म्हणालास, चार पिल्लं आणून सोडली तर काय मजा येईल. तसा विचारही करू नकोस. जपानात 1925 मध्ये आशी सरोवरात बास सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि तिथल्या लहान माशांच्या मुळावर उठला. 2005 मध्ये जपाननं त्याला घातक परकीय जीवांच्या यादीत टाकलं. त्याच जपानच्या बिवा सरोवरात 2009 मध्ये सापडलेला बास जॉर्जियातल्या 1932 च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करतो, म्हणजे परक्या पाण्यात तो किती माजतो ते बघ. आपल्याकडे थाई मागूरनं हेच केलं. बंदी घालून इतकी वर्षं झाली तरी त्याची तळी शोधून नष्ट करावी लागतात.

तुला हवा तो मासा इथे आधीपासून आहे. मरळ. बासासारखाच दबा धरणारा, शेवाळात आणि गवतात लपणारा, बेडकावर तुटून पडणारा. बासाला जे नाही ते मरळेला आहे: ती हवा घेते. दर थोड्या वेळानं वर येऊन घोट घेते, पहाटेच्या शांत पाण्यात तो आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि ती कुठे आहे ते कळतं. तळं आटलं तर चिखलात शिरून पावसाची वाट बघते. दुष्काळी जिल्ह्याला याहून शोभणारा मासा नाही. मृगाला दम्याचं औषध घ्यायला आपल्याकडची माणसं हैदराबादला जातात, तिथे तोंडात सोडतात तीही मरळेचीच पिल्लं. तेलंगणाचा तर तो राज्यमासाच आहे.

तुझे रबरी बेडूक घेऊन ये, गवतात न अडकणाऱ्या गळाचे. वेणीची दोरी जाड आण, मरळेला दात आहेत आणि ती लगेच मुळांत घुसते. बेडूक तोंडात घेतल्यावर क्षणभर थांब, मग झटका दे. तोंड हाडांचं असतं, घाईनं ओढलंस तर गळ रुततच नाही. एक मात्र पाळ. पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला की त्याखाली नर-मादी राखणीला असतात. त्या वेळी ती कशावरही धावून येतात, त्यामुळे धरायला अगदी सोपी. आईबाप उचलले की काही मिनिटांत बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. तो गोळा दिसला की होडी वळवायची. दिवाळीपर्यंत विणीचा भर ओसरलेला असतो, तरी सांगून ठेवतो.

गळानं मासा धरण्याचा छंद साहेबांनी आणला असं तू लिहिलंस, ते मला पटलं नाही. मुंबईत पवईच्या तलावावर हौशी गळवाल्यांची संघटना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, त्यात साहेबी वळण आहे हे खरं. पण आपला मुलुख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता, तेव्हा तिसऱ्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून एका दिवसात जाऊन येण्याजोगं. त्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा वेगळा भाग आहे. पस्तीसेक जातींचे मासे, कोण कुठल्या पाण्यात राहतो, कोणाला पेंडीचे गोळे आवडतात आणि कोणाला मांस, काठी कशी, दोरी कशी, सगळं तपशीलवार. गोळे टाकून माशांना जागेची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा, ही युक्तीही त्यात आहे. नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाण्याकडे इतकं निरखून पाहिलं आणि लिहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तू आलास की ते पान आपण मिळून वाचू.

परवानगीचं आधीच लिहितो. जलाशयातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असते. बोटुकली ते सोडतात, पैसे ते भरतात, मासा त्यांच्या पोटाचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तोडणं. आपण दोघं जाऊन संस्थेच्या माणसांना भेटू, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातही विचारू. होडी पाण्यात घालायची तर पाटबंधारे खात्याचाही होकार लागतो. धरलेली मरळ तू सोडून देतोस हे त्यांना सांग, ते चकित होतील, पण जाळी कुठे आहेत ते स्वतःहून दाखवतील.

वाऱ्याचं नीट ऐक. सहा-साडेसहा किलोमीटरची भिंत, समोर मोकळं पाणी, अडवायला झाड नाही की डोंगर नाही. वारा सुटला की अर्ध्या तासात पाण्याचं रूप पालटतं. 21 मे 2024 ला संध्याकाळी उजनीत करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. रोजचा मार्ग होता, रोजचीच माणसं होती. दोन दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्याला शोधणारी राज्य आपत्ती दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्या आठवड्यात घराघरांत दुसरा विषय नव्हता. दिवाळीत वळवाचा धोका नसतो, पण परतीचा पाऊस रेंगाळला तर दुपारी आभाळ भरतं. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. पश्चिमेला काळं दिसलं, गडगडाट ऐकू आला, तर मासा गळाला असला तरी दोरी कापून काठ गाठायचा. तुझ्या त्या ग्रॅफाइटच्या काठीतून वीज सहज वाहते, ती आडवी ठेवायची. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी वीज माणसं नेते.

आता होडी. तुझ्या तिकडची वीस फुटी, अडीचशे अश्वशक्तीची बासबोट डोक्यातून काढून टाक. ती कडेला इतकी बुटकी असते की आमच्या वाऱ्यात लाट सरळ आत येईल, आणि त्या वेगानं बुडालेल्या खोडावर आदळलास तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय हे पिण्याचं पाणी आहे, त्यात पेट्रोल-ऑइल सांडणारं इंजिन मला मान्य नाही. हवा भरायची रबरी होडी विमानातून आणता येईल असं तू म्हणतोस. ती हवेच्या तीन वेगळ्या कप्प्यांची असली तरी आमच्या काठावर वेडी बाभूळ पसरलीय. तिचा काटा ट्रकच्या टायरात शिरतो. काठावर उतरता-चढताना एखादा कप्पा फुटणार हे धरून चाल. ती नको.

माझ्या मते बारा ते चौदा फुटांची, पाच फूट रुंद, फायबरची किंवा अॅल्युमिनियमची, सपाटसर बुडाची, कडा उंच असलेली होडी घ्यावी. बाकांखाली फोम भरलेला हवा, म्हणजे पाणी भरलं तरी ती तळाला जाणार नाही. विकणारा काहीही सांगो, भरलेली होडी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात बुडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. माणसं किती बसवायची त्याचा तुमचाच हिशेब चांगला आहे: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले पंधरा. चौदा फुटी, पाच फूट रुंद होडीला चार येतात, तेही शांत पाण्यात. तिथला माणूस धरून आपण तिघंच बसू. वल्ही दोन नाही, तीन घ्यायची, एक वाहून गेलं तर असावं म्हणून. छोटी बॅटरीची मोटार लावायला हरकत नाही. पण पात्यात जाळं किंवा शेवाळ गुंतलं तर आधी वायर काढायची, मगच हात घालायचा, आणि मागच्या कडेवर दोघांनी मिळून वाकायचं नाही, पाणी तिथूनच आत येतं. नांगर टाकायचा तो पुढून, मागून कधीच नाही. बासबोटीवर उभं राहून फेकायची तुला सवय आहे, इथे बसून फेक. शिट्टी गळ्यात, सुरी कमरेला, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि कुठल्या बाजूला जातोय, किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघायचं.

एवढं वाचून तू म्हणशील, मामानं गळाचा आनंदच घालवला. घालवायचा नाही रे. पहाटे पाण्यावर धुकं असताना मरळेनं बेडूक गिळल्याचा आवाज तू ऐकावास अशी माझी फार इच्छा आहे.

एक काम मात्र कर. इथले भोई आणि कोळी बांधव रोज जाळी लावायला जातात ते थर्माकोलच्या चप्पूवर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून, अंगात नुसता बनियन. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची पोरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जायची, ते 2023 मध्ये वर्तमानपत्रात आलं तेव्हा उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आमच्या मच्छीमारांची अशी बातमी होत नाही. होडीसाठी तू जे पैसे बाजूला ठेवलेत त्यातून आधी चांगली जॅकेटं घेऊ, शिक्का आणि वजनाची मर्यादा तपासून, संस्थेत जितके लोक रोज पाण्यात उतरतात तितकी. मग जे उरेल त्यात होडी बसत नसेल तर या वर्षी संस्थेचीच होडी मोबदला देऊन घेऊ आणि तिच्या मालकालाच वल्ह्यावर बसवू. तुझ्या मापाचं जॅकेट मी इथे बघणार नाही, ते तू तिकडून अंगावर घालून बघून आण. बाकीच्यांची मापं मी संस्थेत जाऊन घेतो आणि पुढच्या पत्रात कळवतो. किती पैसे पाठवू शकशील ते त्याआधी लिही.

तुझा,
मामा