यंत्राला विचारलेले जव्हार

१/ जव्हार संस्थानाची स्थापना कोणी व कधी केली, असे चॅटजीपीटीसारख्या यंत्राला विचारले की क्षणार्धात उत्तर येते. भाषा सुबक असते आणि सन ठामपणे दिलेला असतो. प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते उत्तर पुरेसे वाटण्याचा मोह होतो. तो मोह किती महाग पडू शकतो, हे जव्हार-मोखाड्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

२/ परंपरा अशी की महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा प्रदेश वेढला. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये ही कथा नोंदली आहे. हीच युक्ती कार्थेजची राणी डायडो हिच्या नावावरही आहे आणि व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्यात तिचा उल्लेख येतो. लोककथांचे अभ्यासक स्टिथ थॉम्पसन यांच्या सूचीत या कल्पनाबंधाला स्वतंत्र क्रमांकच आहे.

३/ आता सन. कोठे १३०६ सापडतो, कोठे १३४३. जयबाचा पुत्र निमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाला तो ५ जून १३४३ रोजी, आणि त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक मोजला, असे गॅझेटियर सांगते. म्हणजे सत्ता हाती कधी आली आणि तिला मान्यता कधी मिळाली, हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकच सन देणारे उत्तर हा भेद पुसून टाकते.

४/ याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द कोणता, हे ते ठरवते. पुरावा तोलत नाही. संदर्भ मागितले तर अस्तित्वात नसलेले ग्रंथही ते त्याच आत्मविश्वासाने पुढे करते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा काल्पनिक निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

५/ म्हणून प्रॉम्प्टची, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनेची, मांडणी महत्त्वाची. ‘जव्हारचा इतिहास सांग’ ही सूचना निकामी होय. त्याऐवजी मूळ पान समोर ठेवून असे लिहावे: ‘केवळ या मजकुराच्या आधारे उत्तर दे. प्रत्येक विधान आख्यायिका आहे, दरबारी परंपरा आहे की समकालीन कागदावर आधारलेले आहे, ते नोंदव. मजकुरात नसलेल्या गोष्टीपुढे “यात नाही” असे लिही.’ त्यानंतरही प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी लागतेच.

६/ दुसरी फसगत भूगोलाची. आज जव्हार आणि मोखाडा हे २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्याचे शेजारी तालुके आहेत आणि त्यांची नावे जोडीनेच घेतली जातात. ब्रिटिश काळात मात्र जव्हार हे संस्थान होते, तर मोखाडा हा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला पेटा. कारभार दोन, म्हणून कागदही दोन ठिकाणचे. ‘१९४८ पूर्वी या गावावर कोणाचा अंमल होता?’ हा प्रश्न आधी विचारला नाही, तर शोधच भलत्या दप्तरात सुरू होतो.

७/ तिसरी बाब दृष्टीची. महादेव कोळी, वारली, ठाकूर, कातकरी यांची गॅझेटियरमधील वर्णने महसूल आणि बंदोबस्त पाहणाऱ्या राज्यकर्त्यांच्या चष्म्यातून आली आहेत. यंत्र तीच वर्णने गुळगुळीत मराठीत परत देते आणि मूळचा बोलणारा दिसेनासा होतो. येथे एक उपयुक्त सूचना अशी: ‘या उताऱ्यातील विशेषणे वेगळी काढ, कोणती प्रत्यक्ष पाहिलेली बाब सांगतात आणि कोणती केवळ मत आहेत, ते दाखव.’

८/ मोडी कागदांच्या बाबतीत आशा आहे. मोडीचे देवनागरी लिप्यंतर करणारी प्रणाली आयआयटी रुरकीने २०२५ मध्ये पुढे आणली. परंतु मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्दही तोडलेले नसतात. पाड्याचे नाव लागले नाही तर यंत्र ओळखीचे नाव बसवू शकते. ‘शंका असेल तेथे जागा रिकामी सोड’ हे त्याला स्पष्ट सांगावे लागते.

९/ आणि जे कधी लिहिलेच गेले नाही, त्याचे काय? मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराकडे, ते कधीपासून, कोणत्या कारणाने बदलले, हे गावातली वडीलधारी माणसे सांगतील. तेथे यंत्राकडून उत्तरे न मागता प्रश्नावली मागावी. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी आणि यंत्रात घालण्यापूर्वी सांगणाऱ्याची संमती घ्यावी.

१०/ या भागातले शिकलेले तरुण आज आपल्या पाड्याचा इतिहास लिहू लागले, तर अनेक पाड्यांसाठी ते पहिलेच लेखन ठरेल. तपासाविना घेतलेले यंत्राचे उत्तर त्यात शिरले, तर ते उद्या संकेतस्थळावर जाईल आणि परवा दुसरे यंत्र तेच वाचून पुढच्या विद्यार्थ्याला सांगेल. मग आजीने सांगितलेली हकिकत आणि छापील उत्तर यांत तफावत आली, तर खोटी आजीच ठरेल. म्हणून आधी आजीची हकिकत तिच्याच शब्दांत, तारीख आणि गावाचे नाव घालून वहीत उतरवावी. यंत्र त्यानंतर उघडावे.