एका जेटची गोष्ट

मिरजेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत पूर्वी सरपण असायचं. आता तिथे एक टेबल आहे, एक वाइस आहे आणि भिंतीला बिस्किटांचे रिकामे डबे टांगलेले आहेत. एका डब्यात जेट, एकात स्प्रिंगा, एकात पॅकिंग. आम्ही दोघे भाऊ रविवारी इथे जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर दुरुस्त करतो. थोरला शाळेत क्लार्क आहे, धाकटा लेथवर काम करतो. पोटापाण्याचा धंदा म्हणावा इतकं हे काम मोठं नाही. पण आज ज्या गोष्टीबद्दल लिहितोय तिच्यात पैसे घेतले होते, म्हणूनच ती लिहायची आहे.

हे वेड अब्बांकडून आलं. अब्बांनी मुंबईत बावीस वर्षं काळी-पिवळी चालवली. गाडी अर्थातच पद्मिनी. फियाटची मूळ गाडी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी, 1974 पासून पद्मिनी नावाने ओळखली जाणारी, 1089 सीसी इंजिनाची. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ती बातमी अब्बांनी दोनदा वाचून घेतली आणि चहा तसाच ठेवून उठून गेले. त्यांना वाचायला आता त्रास होतो. कान मात्र शाबूत आहेत.

कार्बोरेटर म्हणजे तसं साधं यंत्र. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा. जुन्या कार्बोरेटरला खरा आजार दोन ठिकाणी होतो. एक, थ्रॉटलचा दांडा आणि त्याचं भोक झिजून तिथून फालतू हवा शिरते. मग स्क्रू कितीही फिरवा, गाडी स्लोवर थरथरतच राहते. याला इलाज एकच, भोक मोठं करून पितळी बुश बसवणं. दुसरं, फ्लोटला बारीक छिद्र पडून तो पेट्रोलमध्ये बुडतो आणि ओव्हरफ्लो होतो. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की आतलं पेट्रोल उकळून छिद्रातून बुडबुडे येतात. त्यासाठी अम्मींचं एक पातेलं कायमचं बाद झालं. पाणी स्वयंपाकघरातून गरम करून आणायचं, पेट्रोल मात्र स्वयंपाकघराकडे न्यायचं नाही, हा अम्मींचा कायदा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत शेगडीपर्यंत जाते, हे त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांना वासावरूनच ठाऊक होतं.

मागच्या वर्षी एक निवृत्त मास्तर आपल्या पद्मिनीचा कार्बोरेटर घेऊन आले. गाडी त्यांच्या वडिलांची. पेट्रोल वाळून मेन जेटमध्ये राळेसारखा थर जमला होता. असा जेट सॉल्व्हंटमध्ये रात्रभर भिजवायचा आणि हवेचा झोत मारायचा, एवढंच करायचं असतं. फार तर नायलॉनचा केस. पण त्यांना सोमवारी नातीला आणायला कोल्हापूरला जायचं होतं. आम्ही घाई केली. लेथच्या दुकानातला एक बारीक ड्रिल बोटांत धरून जेटमध्ये फिरवला. पितळ मऊ असतं. घाण निघाली, तसं थोडं पितळही निघालं. ते आम्हाला दिसलं होतं. बोललो मात्र काहीच नाही. गाडी चालू झाली, आम्ही पैसे घेतले.

महिन्याभरात मास्तर परत आले. अॅव्हरेज तेरावरून अकरावर, सायलेन्सरमधून काळा धूर. आम्ही म्हणालो, "सर, हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीला ते मानवत नाही." हे सगळं खोटं नाही. इथेनॉलने जुनी रबरं फुगतात, ते पाणी धरतं, अॅव्हरेजही थोडं कमी होतं. मास्तरांनी मान हलवली आणि गेले.

अब्बा पडवीच्या उंबऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, "नव्या पेट्रोलनं मिश्रण कमजोर पडतं, असं तुम्हीच मला सांगितलं होतं ना? मग प्लग काळा कसा पडेल?"

आम्ही गप्प. कारण ते बरोबर होतं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. धूर काळा यायला पेट्रोल जास्त जायला हवं. अब्बांनी फक्त तो ड्रिल मागितला. त्यावर 1.35 होतं. जेटवर 125, म्हणजे 1.25 मिलिमीटर. ऐकायला केसभर फरक, पण भोकाचं क्षेत्रफळ सुमारे सतरा टक्के वाढतं. अब्बांनी हिशोब विचारला नाही. "अमानत होती," एवढं बोलून ते असरच्या नमाजला गेले.

जायला आम्हाला चार दिवस लागले. आधी नवा जेट मिळवला, रिकाम्या हाताने जाण्याचं धाडस नव्हतं. मास्तरांच्या अंगणातच तो बसवला, मिक्स्चरचा स्क्रू लावला, प्लग साफ केले आणि मग सांगितलं की दोष पेट्रोलचा नव्हता. मजुरीचे पैसे पुढे केले. वाटलं होतं, ते नको म्हणतील. त्यांनी नोटा मोजून घेतल्या. "पोरांनो, महिनाभर मी पंपवाल्याशी भांडत होतो," एवढंच म्हणाले. चहा झाला. चहात साखर होती, बोलण्यात नव्हती.

त्यानंतर त्यांनी कुठलंच काम आमच्याकडे आणलं नाही. आता प्रत्येक जेट उघडला की आधी ड्रिलच्या गुळगुळीत टोकाने मापतो आणि आकडा वहीत लिहितो. ड्रिलची धार जेटजवळ येऊ देत नाही.

गेल्या महिन्यात बाजारातून येताना चौकात ती पद्मिनी उभी होती. अब्बा मागच्या सीटवर होते. त्यांनी काच खाली केली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "स्लो चढलाय. पाव वळसा मागे घ्यायला हवा." सिग्नल सुटला, मास्तर पुढे निघून गेले. त्यांना हे जाऊन सांगावं की नाही, यावर आम्हा दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.