आधी लघवीचं विचारते

पेण-रोह्याकडे मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. मज्जारज्जूच्या आजारातला पेशंट वॉकर धरून ओटीपर्यंत आला की आपलं काम झालं, असं मी बरीच वर्षं मानत आले. घरच्यांचाही पहिला प्रश्न तोच असतो, "चालेल ना?" आता माझं मत बदललंय. पहिल्या भेटीत पायांच्या आधी मी लघवीचं विचारते.

हे घडलं जोहे गावातल्या एका मूर्तिकारामुळे. ना अपघात, ना पडणं, मणक्याचा टीबी. पू साठून मज्जारज्जूवर दाब आला आणि कमरेखालचं बळ गेलं. सरकारी दवाखान्यातली मोफत औषधं सुरू होती, पायांत ताकद परतत होती. तरी हा कारखान्याकडे फिरकेना. कारण त्याच्या बायकोने सांगितलं, तेही मला स्वयंपाकघरात बोलावून: लघवी कधी होईल याचा भरवसा नाही, म्हणून हे पाणीच पीत नाहीत.

मग व्यायाम जरा मागे ठेवला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो स्वतः नळी घालायला शिकला. हात साबणाने धुवायचे, दर चार-सहा तासांनी मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून घ्यायची. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी मूत्रपिंडं निकामी होऊन असे कितीतरी रुग्ण दगावत.

आता तो खुर्चीत जाड गादीवर बसून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. थोड्या थोड्या वेळाने ब्रश खाली ठेवतो, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवतो आणि बूड उचलून धरतो. तिथली कातडी बधिर आहे. दाबाने जखम झाली तरी त्याला कळणार नाही. वॉकर अजून सुटलेला नाही.

रोह्याच्या एका काकूंचंही असंच. मानेच्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूवर दाब आला होता. ब्लाउजचे हूक लागेनात, तर घरचे म्हणाले, वय झालं. ऑपरेशननंतर त्यांना खरा घोर होता तो परसातल्या संडासाचा. तिथे कठडा बसवला आणि त्या एकट्या जाऊ लागल्या.

घरच्यांना माझी विनंती आहे: डिस्चार्ज घेण्याआधी लघवी, शौच आणि कातडीची काळजी वॉर्डातच शिकून घ्या. आणि पाठदुखीसोबत पाय जड पडत असतील, लघवी तुंबत असेल, तर मालिश करत बसू नका; त्याच दिवशी डॉक्टर गाठा.